दोन जिवांची: गर्भिणीच्या आहारविचाराचा मुंबई-पुणे येथील इतिहास

मराठीत गर्भवती स्त्रीस 'दोन जिवांची' म्हणतात. हा प्रयोग बोलीतला आणि नित्याचा असला तरी त्याच्यामागे एक फार जुनी वैद्यकीय कल्पना उभी आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात असे सांगितले आहे की, चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते, त्याबरोबर त्याच्या ठायी इच्छाही उत्पन्न होते. म्हणून दोन हृदये धारण करणाऱ्या स्त्रीस 'दौहृदिनी' असे म्हणावे. तिची इच्छा अपुरी राहिली तर अपत्य कुबडे, लुळे, जड वा खुजे निपजते, असा इशाराही तेथेच आहे. संस्कृतातील 'दोहद', पालीतील 'दोहळ' आणि मराठीतील 'डोहाळा' हे शब्द एकाच कुळातले होत. त्यांपैकी 'दोहद' हे रूपच मुळात प्राकृत वळणाचे असून ते मागाहून संस्कृतात स्थिरावले, असे अनेक भाषाभ्यासकांचे मत आहे. 'डोहाळजेवण' हा शब्द आज आपण समारंभाच्या अर्थाने वापरतो. परंतु मातेच्या तोंडी जाणारा घास हा गर्भाच्या घडणीचा घटक आहे, हा सिद्धान्त त्या शब्दात साठवलेला आहे.

या सिद्धान्ताची आधुनिक काळात प्रयोगाने परीक्षा झाली, आणि तिचे काही महत्त्वाचे टप्पे महाराष्ट्रातच घडले. इ. स. १९२८ साली मुंबईत परळ येथे सुरू झालेले पांडुरोगाचे संशोधन आणि इ. स. १९९३ नंतर पुण्याजवळच्या सहा खेड्यांत झालेला मातृपोषणाचा अभ्यास यांची कथा सामान्यतः स्वतंत्रपणे सांगितली जाते. वस्तुतः ती एकच कथा आहे. दोन जिवांपैकी कोणत्या जिवाचा विचार प्रथम करावयाचा, या प्रश्नाचे उत्तर या साठ-पासष्ट वर्षांत कसे पालटले, हे त्या दोन्ही टप्प्यांना एकत्र ठेवल्यावाचून ध्यानात येत नाही.

प्राचीन ग्रंथांतील आहारविधी केवळ इच्छापूर्तीपुरता मर्यादित नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानात महिनावार पथ्य दिलेले आहे: पहिल्या महिन्यात साधे दूध, दुसऱ्यात मधुर औषधींनी सिद्ध केलेले दूध, तिसऱ्यात मध व तूप मिसळलेले दूध, चौथ्यात दुधापासून काढलेले लोणी, पाचव्यात दुधाचे तूप, असा तो क्रम आहे. त्यातली एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. पहिल्या महिन्याचे पथ्य गर्भधारणेची खात्री झाल्यावर नव्हे, तर केवळ शंका आल्यावर सुरू करावयाचे आहे. या बारकाव्याचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल. मातेच्या अन्नरसाने गर्भाच्या नाभिनाडीतून त्याचे पोषण होते, हेही सुश्रुताने नोंदवले आहे. तथापि, हा सर्व विधी ज्या घरी दुभते आहे त्या घरासाठीच लिहिला गेला, हे उघड आहे. ज्या स्त्रीच्या ताटात दूध येतच नाही, तिच्याविषयी ग्रंथ मूक आहेत.

लोकव्यवहारात मात्र याच्या अगदी विरुद्ध एक प्रथा दिसते. भारताच्या अनेक भागांत गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत स्त्रिया मुद्दाम कमी जेवत असत. मूल मोठे झाले तर बाळंतपण अडेल, ही त्यामागची भीती. तिला अज्ञान म्हणून झटकून टाकणे सोपे आहे. परंतु तशीच भीती जर्मन वैद्यांनाही होती. हॅम्बुर्ग येथील लुडविग प्रोखोव्हनिक या स्त्रीरोगतज्ज्ञाने १८८९ साली मुडदुसाने अरुंद झालेल्या कटीच्या स्त्रियांसाठी एक आहार सुचविला. पाणी, साखर व पिष्टमय पदार्थ कमी करून मूल लहान ठेवावे व कृत्रिम रीतीने अकाली प्रसूती करण्याचा प्रसंग टाळावा, असा त्याचा हेतू होता. शस्त्रक्रियेची सुरक्षित सोय जेथे नाही तेथे अडलेले बाळंतपण म्हणजे मृत्यूच. तेव्हा कमी खाणारी खेड्यातली स्त्री आणि हॅम्बुर्गचा प्रोखोव्हनिक या दोघांनीही मातेच्या जिवाच्या बाजूनेच हिशेब केला होता असे म्हणावयास हरकत नाही.

मुंबईच्या गिरणगावात हा हिशेब अधिक कठोर होता. कापडगिरण्यांतील स्त्री-कामगार बहुधा वाइंडिंग व रीलिंगच्या खात्यांत काम करीत आणि पुष्कळदा दिवस भरत येईपर्यंत कामावर येत. ना. म. जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूतिविषयक विधेयक आणले होते. ते संमत झाले नाही. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात अशाच विधेयकावर चर्चा झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यास पाठिंबा दिला. प्रसूतीपूर्व काळात मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. १९२९ साली मुंबई प्रांतात प्रसूती-लाभ कायदा झाला. भारतातील तो अशा प्रकारचा पहिला कायदा होय. विश्रांतीचा प्रश्न अशा रीतीने कायद्याच्या कक्षेत आला. आहाराचा प्रश्न मात्र प्रयोगशाळेकडेच राहिला.

तो प्रयोगशाळेत पोचण्यास एका भयंकर रोगाचे निमित्त झाले. गर्भारपणात रक्त विलक्षण फिकट होऊन स्त्रिया दगावत. रक्तातील तांबड्या पेशी संख्येने थोड्या पण आकाराने मोठ्या होत. ही लक्षणे 'घातक पांडुरोग' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दुसऱ्या व्याधीशी जुळत, म्हणून या रोगालाही 'गर्भारपणाचा घातक पांडुरोग' असे नाव पडले. विल्यम ऑस्लर याने १९१९ साली गर्भावस्थेतील तीव्र पांडुरोगांचे वर्णन केले होते. भारतात या रोगाकडे लक्ष वेधण्याचे मोठे श्रेय स्त्री-वैद्यक सेवेतील डॉ. मार्गारेट बाल्फर यांना आहे. त्यांच्याच निमंत्रणावरून लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयातील डॉ. ल्यूसी विल्स १९२८ साली भारतात आल्या.

विल्स यांचा जन्म १८८८ सालचा. केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात त्यांनी वनस्पतिशास्त्र व भूशास्त्र यांचा अभ्यास केला होता आणि १९२० साली त्या वैद्यकीय पदवीधर झाल्या. १९३३ पर्यंत, मधूनमधून इंग्लंडला जाऊन-येऊन, त्यांनी भारतात काम केले. त्यांचे मुख्य ठाणे परळ येथील हाफकीन संस्था हे होते. मधल्या काळात कुन्नूरची पाश्चर संस्था व मद्रासचे एक स्त्री-रुग्णालय येथेही त्यांनी प्रयोग केले. लेडी टाटा स्मारक निधीचे साहाय्य त्यांना लाभले. हाफकीन संस्था ही एकेकाळच्या गव्हर्नरच्या वाड्यात, परंतु गिरण्यांच्या वस्तीतच उभी होती. रोग जेथे होता तेथेच प्रयोगशाळा होती, ही गोष्ट या संशोधनाच्या दृष्टीने लहान नव्हे.

प्रथम संशय जंतूंवर होता. विष्ठेच्या तपासणीत तसे काही सापडले नाही. मग विल्स यांनी स्त्रियांच्या घरांकडे पाहिले. मेहता आणि तळपदे या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी १९३० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधांत मुंबईतील स्त्रियांचा आहार व राहणी यांची पाहणी आहे. गरीब मुसलमान स्त्रियांत हा रोग विशेष आढळत होता, आणि त्यांच्या आहारात फळे, भाज्या व प्रथिने यांचा तुटवडा होता. येथे एक सावधगिरी बाळगणे अवश्य आहे. त्या काळच्या वैद्यकीय लेखनात जातिधर्माचे रकाने सर्रास पाडले जात, आणि पुष्कळदा रोगाचे खापर चालीरीतींवर फुटे. विल्स यांनीही रकाने वापरलेच. परंतु त्यांनी धर्माकडून ताटाकडे आणि ताटाकडून प्रयोगाकडे वाट काढली, हे त्यांचे वैशिष्ट्य मानावे लागेल.

मुंबईतील त्या स्त्रियांच्या आहारासारखा आहार पांढऱ्या उंदरांना देण्यात आला. उंदरांना पांडुरोग झाला आणि गर्भार माद्या विण्यापूर्वीच मेल्या. आहारात यीस्ट मिसळले असता हा पांडुरोग टळला. निष्कर्ष मोठा समाधानकारक वाटला. परंतु उंदरांच्या पांडुरोगाचे कारण त्यांच्या अंगावरील उवांनी पसरविलेला एक जंतुसंसर्ग होता, असे पुढे निष्पन्न झाले. विज्ञानाच्या इतिहासात चुकीच्या प्रयोगाने योग्य वस्तूकडे बोट दाखविल्याची उदाहरणे विरळ असली तरी आहेत; हे त्यांतलेच एक. नंतर माकडांवर प्रयोग झाले. आहाराने पांडुरोगी झालेल्या माकडास मार्माइट, म्हणजे मद्य गाळण्याच्या धंद्यातील उरलेल्या यीस्टपासून बनविलेला अर्क, दिला असता गुण आला. तोच अर्क मग स्त्रियांना देण्यात आला, आणि १९३१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्याचे फलित प्रसिद्ध झाले.

या शोधाचे मर्म समजण्यासाठी त्याच्या पाच वर्षे मागे जावे लागते. १९२६ साली बोस्टन येथे मायनट व मर्फी यांनी खऱ्या घातक पांडुरोगावर यकृताचा उपाय सिद्ध केला होता. यकृताचा अर्क महाग. मार्माइट हा त्या मानाने स्वस्त. परंतु प्रश्न केवळ किमतीचा नव्हता. विल्स यांच्या रुग्णांना यकृताच्या ओबडधोबड अर्काने गुण येई; तोच अर्क जसजसा शुद्ध करावा तसतसा तो निरुपयोगी ठरे. १९३७ च्या नोव्हेंबरात विल्स पुन्हा दहा आठवड्यांसाठी मुंबईस आल्या. त्या कामावर आधारलेल्या, बार्बरा इव्हान्स यांच्यासह लिहिलेल्या निबंधात हा भेद ठाम झाला. म्हणजे दोन्ही रोगांचे नाव एक असले तरी रोग दोन होते, आणि यीस्टमध्ये एक अद्याप अनामिक द्रव्य होते. त्यास पुढे 'विल्स घटक' असे म्हणू लागले. एका चुकीच्या नावाने वैद्यांना किती वर्षे चकविले, ही गोष्ट शब्दाचा अभ्यास करणाऱ्यालाही विचारात पाडणारी आहे.

१९४१ साली टेक्सास विद्यापीठात चार टन पालकातून एक आम्ल वेगळे काढण्यात आले. लॅटिनमध्ये 'फोलियम' म्हणजे पान; त्यावरून त्याचे नाव फॉलिक आम्ल पडले. १९४५ साली लेडर्ले प्रयोगशाळेत त्याचे संश्लेषण झाले आणि परळच्या अनामिक द्रव्याची ओळख पटली. यकृताच्या शुद्ध अर्कातील दुसरे द्रव्य, म्हणजे जीवनसत्त्व ब-१२, १९४८ साली हाती आले. ही दोन द्रव्ये शरीरात एकमेकांच्या आधाराने काम करतात. पुढील कथेत त्यांच्या या नात्यालाच महत्त्व आहे.

येथवर विचार होता तो मातेच्या जिवाचा. विल्स यांच्या निबंधांतील रुग्ण ही स्त्री आहे. मूल तिच्या पाठोपाठ येते. १९६० नंतर दृष्टी पालटली. १९६५ साली हिबर्ड व स्मिथेल्स यांनी फॉलिक आम्लाची उणीव आणि गर्भाच्या मज्जासंस्थेतील विकृती यांचा संबंध असावा, असे सुचविले. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने सात देशांतील ३३ केंद्रांवर घेतलेल्या परीक्षेचे फलित १९९१ साली प्रसिद्ध झाले. ज्या स्त्रियांना पूर्वी असे मूल झाले होते, त्यांना गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक आम्ल दिले असता विकृतीची पुनरावृत्ती ७२ टक्क्यांनी घटली. 'आधीपासून' हा यातला कळीचा शब्द. गर्भाची मज्जानलिका गर्भधारणेपासून सुमारे २८ व्या दिवशी मिटते, म्हणजे पाळी चुकली आहे असे मनाशी ठरते न ठरते तोच. मराठीत आपण 'दिवस गेले' असे म्हणतो. ज्या दिवसांत हे काम व्हावयाचे, ते दिवस खरोखरीच गेलेले असतात. शंका येताच पथ्य सुरू करावे असे सांगणारा चरकही येथे थोडा उशिराच पोचतो.

दुसरीकडे, युद्धकाळातील उपासमारीने आहाराच्या प्रमाणाचा प्रश्न पुढे आणला होता. मूल हे मातेच्या शरीरातून हवे ते ओढून घेते, माता उपाशी असली तरी त्याचे अडत नाही, ही समजूत वैद्यांत दीर्घकाळ प्रचलित होती. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे पश्चिम हॉलंडमधील शिधा दिवसाला १००० कॅलरींच्याही खाली गेला. ज्यांच्या गर्भारपणाचे शेवटचे तीन महिने या उपासमारीत गेले, त्यांच्या मुलांचे जन्मवजन सुमारे ३०० ग्रॅमने घटलेले आढळले. ज्या मुलांच्या वाट्याला ही उपासमार गर्भावस्थेच्या पूर्वार्धात आली, त्यांच्यापैकी लष्करभरतीच्या वेळी, म्हणजे १९ व्या वर्षी, तपासलेल्या तरुणांत स्थूलता अधिक दिसली. ही पाहणी १९७६ साली प्रसिद्ध झाली. पुढे साउदॅम्प्टनच्या डेव्हिड बार्कर यांनी जन्मवजन व प्रौढपणीचा हृदयविकार यांचा संबंध मांडला, आणि गर्भाशय हा भावी आयुष्याच्या रोगांचा उगम म्हणून पाहिला जाऊ लागला.

बार्कर यांच्या मांडणीने पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा प्रश्न धारदार केला. भारतात मुले लहान जन्मतात आणि प्रौढ माणसे तरुणपणीच मधुमेही होतात. या दोहोंचा दुवा कोठे आहे? १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत विवाहित तरुणींची नोंद घेण्यास आरंभ झाला, म्हणजे गर्भधारणेपूर्वीच त्यांचे वजन व माप घेणे शक्य झाले. या स्त्रियांचे सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होते. गर्भारपणाच्या अठराव्या आठवड्यात त्यांच्या आहारात प्रथिने दिवसाला सुमारे ४५ ग्रॅम होती, आणि पूर्ण दिवसांच्या मुलांचे सरासरी वजन २६६५ ग्रॅम भरले.

आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव व त्यांचे सहकारी यांनी २००१ साली या आहाराचे विश्लेषण प्रसिद्ध केले. अपेक्षा अशी होती की, जिला अधिक कॅलरी व प्रथिने मिळतात तिचे मूल मोठे निघावे. तसा ठळक संबंध आढळला नाही. संबंध आढळला तो दूध, फळे आणि पालेभाज्या यांच्याशी. अठ्ठाविसाव्या आठवड्यात पालेभाजी वरचेवर खाणाऱ्या स्त्रियांची मुले आकाराने मोठी होती, आणि त्यांच्या तांबड्या पेशींतील फोलेटचाही मुलाच्या आकाराशी तसाच संबंध होता. परळच्या प्रयोगशाळेत सत्तर वर्षांपूर्वी जे द्रव्य मातेला वाचविण्यासाठी शोधले गेले, तेच येथे मुलाचे वजन ठरविणाऱ्या घटकांत दिसू लागले. त्याच अभ्यासातील आणखी एक निष्कर्ष विशेष महत्त्वाचा असून त्याची चर्चा मात्र त्या मानाने कमी झाली आहे: शेतकाम, पाणी भरणे व घरकाम यांचा बोजा जिच्यावर अधिक, तिचे मूल लहान. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात जी विश्रांती मागितली गेली, तिची गरज अशा रीतीने ग्रॅमांत मोजली गेली. गिरणीतील स्त्रीसाठी कायदा झाला होता. स्वतःच्या रानात राबणाऱ्या स्त्रीला रजा कोणाकडे मागावयाची हेच ठाऊक नसते.

पुण्याच्या अभ्यासाने आणखी एक धक्का दिला. येथील मुले इंग्लंडमधील मुलांपेक्षा वजनाने पुष्कळ हलकी. परंतु त्यांच्या त्वचेखालील मेद त्या प्रमाणात उणावलेला नव्हता. कृश दिसणारे हे मूल आतून मेदयुक्त होते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात मातांची रक्तपरीक्षा आहे: सुमारे दोन-तृतीयांश मातांत ब-१२ उणे, फोलेटची उणीव मात्र जवळपास नाहीच. ज्यांच्या रक्तात फोलेट अधिक होते त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी मेद व इन्सुलिन-प्रतिरोध अधिक आढळला. फोलेट अधिक आणि ब-१२ कमी असे जेथे जुळून आले, तेथे तो प्रतिरोध सर्वांत जास्त होता. या एकाच पाहणीवरून फॉलिक आम्लास दोषी ठरविणे योग्य नव्हे. परंतु १९७० पासून राष्ट्रीय कार्यक्रमात गर्भवतींना लोहाबरोबर फॉलिक आम्लाची गोळी दिली जात आली आहे व तीत ब-१२ नव्हते, ही गोष्ट या संदर्भात ध्यानात ठेवावी लागते. विल्स व इव्हान्स यांनी कष्टाने वेगळी केलेली दोन द्रव्ये आहारात एकमेकांस धरून असावी लागतात, हे उमगण्यास सत्तर वर्षे लागली.

पाहणीतील संबंध म्हणजे कारण नव्हे. पालेभाजी खाणारी स्त्री इतर बाबतींतही बऱ्या स्थितीत असू शकते. यास्तव प्रयोगाची आवश्यकता होती, आणि तो पुन्हा मुंबईतच झाला. २००६ साली झोपडपट्ट्यांतील स्त्रियांना गर्भधारणेपूर्वीपासून रोज एक खाद्यपदार्थ देण्यास सुरुवात झाली. एका गटाच्या पदार्थात पालेभाजी, फळे व दूध. दुसऱ्याच्या पदार्थात बटाटा, कांदा यांसारख्या भाज्या. ६५१३ स्त्रियांनी त्यात भाग घेतला. २०१४ साली प्रसिद्ध झालेला निकाल उत्साही मंडळींना निराश करणारा होता: एकंदर जन्मवजनात गणनीय फरक पडला नाही. ज्यांनी गर्भधारणेपूर्वी किमान ९० दिवस तो पदार्थ खाल्ला होता, त्यांच्या मुलांचे वजन मात्र ४८ ग्रॅमनी अधिक भरले. त्यातही अत्यंत कृश स्त्रियांच्या मुलांना लाभ झाला नाही. तो झाला बऱ्या बांध्याच्या स्त्रियांच्या मुलांना. गर्भावस्थेतील मधुमेहाचे प्रमाण १२.४ टक्क्यांवरून ७.३ टक्क्यांवर आलेले आढळले.

या निकालाचा अर्थ लावताना काही जण पालेभाजी निरुपयोगी ठरली असे म्हणतात. ते उतावळेपणाचे आहे. अत्यंत कृश स्त्रीच्या शरीराने मिळालेले अन्न प्रथम स्वतःच्या झीजेकडे वळविले असेल, अशी शक्यता मांडता येते. तसे असेल तर दोन जिवांतील वाटणीचा जुना प्रश्न तेथे पुन्हा उभा राहतो, आणि मुलाच्या वजनाच्या काट्यावर मातेला झालेला लाभ दिसतच नाही. विल्स यांनी मातेचे रक्त मोजले म्हणून त्यांना तो दिसला.

पुण्याच्या खेड्यांत १९९४ ते १९९६ या काळातील गर्भारपणांतून जन्मलेली मुले आता स्वतः संसारी वयाची झाली आहेत. २०१२ साली, ती किशोरवयात असतानाच, त्या मुलामुलींना ब-१२ च्या गोळ्या देण्याचा प्रयोग सुरू झाला. काही गटांत त्याबरोबर इतर सूक्ष्मपोषकेही होती. या गोळ्या लग्नाच्या व गर्भधारणेच्याही आधीपासून, पहिल्या अपत्याच्या जन्मापर्यंत चालू ठेवावयाच्या होत्या. ज्या मुलींचे वजन जन्मतःच काट्यावर टिपले गेले होते, त्यांच्या बाळांचे वजन पुढे त्याच नोंदवह्यांच्या मालिकेत त्यांच्या नावापुढे लिहिले गेले.